अर्ध्यात अडकलेलं अपग्रेड: जुना उबुंटू सर्व्हर पुन्हा उभा करताना

२०२३ चा जून, शनिवारची रात्र, साडेदहा वाजून गेलेले. तालुक्याच्या गावातली एक शिक्षणसंस्था, तिच्या कार्यालयात लाकडी कपाटाशेजारी ठेवलेला अकरा वर्षांचा टॉवर सर्व्हर, आणि त्याच्या स्क्रीनवर ‘एरर्स वेअर एन्काउंटर्ड व्हाइल प्रोसेसिंग’ अशी ओळ. तिच्याखाली आठ-नऊ पॅकेजची (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) नावं आणि मग नुसता लुकलुकणारा कर्सर. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या १८.०४ आवृत्तीची नेहमीची मोफत अपडेट मे महिन्यात संपली होती, म्हणून २०.०४ वर जायला घेतलं होतं. तीन तास चालून ते अपग्रेड मध्येच थांबलं. तेवढ्यात हेडक्लार्क मॅडमचा फोन आला, “सर, सोमवारी सकाळपासून पालक फी भरायला येतील हो. होईल ना तोपर्यंत?”

झालं. पण त्या दीड दिवसात जे जे अडलं ते इथे क्रमाने लिहितो आहे, कारण जुन्या सर्व्हरवर अपग्रेड फसण्याच्या जागा बहुतेक वेळा याच असतात. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत, सगळ्या लहान लिपीत टाइप करायच्या. प्रत्येकीच्या आधी ‘सुडो’ (प्रशासकाचा अधिकार देणारा शब्द) आहे असं धरून चाला.

आधी रीबूटपासून हात दूर ठेवा

अपग्रेड अडकलं की पहिला मोह होतो तो मशीन बंद करून पुन्हा चालू करण्याचा. हे एवढं एक टाळलंत तर निम्मं संकट टळतं. सर्व्हर अजून जुन्या कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या जुन्या मुख्य भागावर, चालू असतो. तो कर्नल मेमरीत बसलेला आहे, डिस्क त्याला दिसते आहे, नेटवर्क चालू आहे, तुमचं एसएसएच सत्र (दूरवरून केलेलं लॉगिन) जिवंत आहे. डिस्कवर मात्र अर्धी पॅकेज जुनी आणि अर्धी नवी आहेत, नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (सुरू होताना डिस्कपर्यंत पोहोचवणारी) कदाचित अपुरी आहे आणि ग्रबचं (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचं) काय झालं ते ठाऊक नाही. अशा स्थितीत रीबूट केलंत तर चालू मशीनवर पंधरा मिनिटांत होणारी दुरुस्ती पेनड्राइव्ह, मॉनिटर आणि रात्रभराचं जागरण मागते.

एसएसएचवरून अपग्रेड करत होता आणि जोडणी तुटली, तर घाबरू नका. ‘डू-रिलीज-अपग्रेड’ स्वतःच स्क्रीन या प्रोग्रामच्या आत चालतं. पुन्हा लॉगिन करून ‘स्क्रीन -एलएस’ द्या, सत्र दिसेल. ‘स्क्रीन -डी -आर’ दिलं की जिथे होता तिथे परत पोहोचाल. खूपदा अपग्रेड फसलेलं नसतंच. ते तुमच्या उत्तराची वाट बघत थांबलेलं असतं. नेहमीच्या पोर्टवरून लॉगिन होत नसेल तर १०२२ करून पाहा. अपग्रेड सुरू होताना त्या पोर्टवर दुसरा एसएसएच सर्व्हर उघडला जातो, फक्त फायरवॉलमध्ये तो पोर्ट मोकळा हवा.

आत आलात की दुसरं टर्मिनल उघडून रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून लॉगिन करून ठेवा आणि काम संपेपर्यंत ते बंद करू नका. क्वचित सी लायब्ररीचं पॅकेजच मध्ये अडकतं आणि ‘एलएस’सारखी साधी कमांडसुद्धा चालेनाशी होते. त्या वेळी आधीपासून उघडं असलेलं शेल आणि बिझीबॉक्स (साध्या कमांडचा स्वयंपूर्ण संच) एवढंच हाताशी उरतं.

आहे त्या स्थितीची प्रत

अपग्रेडच्या आधी बॅकअप घेतला असेल तरी आत्ता पुन्हा एक घ्या. दुरुस्ती करताना आपण आणखी बिघडवू शकतो आणि तेव्हा निदान ‘शनिवारी रात्री होतं तसं’ इथवर परत येता यायला हवं. बाहेरची यूएसबी डिस्क लावा आणि ‘आरसिंक’ने /ईटीसी, /होम, /व्हार/लिब/डीपीकेजी आणि /व्हार/लॉग या डिरेक्टरी तिच्यावर उतरवा. डेटाबेसची सेवा थांबवून /व्हार/लिब/मायएसक्यूएल पूर्ण उचला.

डेटाबेसबद्दल एक गोष्ट मनात पक्की असू द्या. २०.०४ मध्ये मायएसक्यूएल ५.७ च्या जागी ८.० येतं, आणि ८.० ने एकदा डेटाची अंतर्गत रचना बदलली की तीच डिरेक्टरी ५.७ ला परत देता येत नाही. मागे यायचं तर अपग्रेडच्या आधी ‘मायएसक्यूएलडंप --ऑल-डेटाबेसेस’ने काढलेली फाइल किंवा तेव्हाचा दुसरा बॅकअपच लागतो. तसं काही नसेल तर पुढेच जायचं आहे हे मान्य करून कामाला लागा.

लॉग वाचायचा तो वरून

बहुतेक जण स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचतात आणि तीच शोधत बसतात. ती यादी परिणामांची असते. एक पॅकेज अडलं की त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी अडतात, आणि शेवटी आठ नावं एकसारखी दिसतात. आमच्याकडच्या आठ-नऊ नावांमागे खरी कारणं दोनच होती.

/व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड या डिरेक्टरीत तीन फाइल कामाच्या असतात. ‘मेन.लॉग’मध्ये अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रामने काय ठरवलं ते असतं, ‘एपीटी.लॉग’मध्ये पॅकेज निवडतानाची गणितं आणि ‘एपीटी-टर्म.लॉग’मध्ये स्क्रीनवर दिसलेलं सगळं. तिसरी फाइल ‘लेस’मध्ये उघडा, ‘एरर प्रोसेसिंग पॅकेज’ हे शब्द शोधा आणि पहिल्याच जागी थांबा. त्या ओळीच्या वरच्या वीस-पंचवीस ओळी सावकाश वाचा. खरं कारण तिथेच असतं.

अपग्रेड सुरूच झालं नसेल आणि ‘नवी आवृत्ती नाही’ असं उत्तर मिळत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. आधी ‘यूनेम -एम’ देऊन पाहा. उत्तरात शेवटी ६४ नसेल, म्हणजे सिस्टिम ३२ बिटची असेल, तर १८.०४ च्या पुढे रस्ता नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी नव्याने इन्स्टॉलच करावं लागेल. ६४ बिट असेल तर /ईटीसी/अपडेट-मॅनेजर/रिलीज-अपग्रेड्स या फाइलमध्ये ‘प्रॉम्प्ट’पुढे ‘एलटीएस’ (दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या) लिहिलेलं आहे का बघा. आणि एक आवृत्ती गाळून पुढे जाता येत नाही: १८.०४ वरून २०.०४, मगच २२.०४.

जागा संपली असेल तर

आमच्या लॉगमध्ये पहिल्या चुकीच्या वर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ होतं. ‘डीएफ -एच’ दिल्यावर मूळ विभाजनात ४० जीबी मोकळी दिसली, आणि त्याच्याखाली /बूट शंभर टक्के भरलेलं. जुन्या सर्व्हरवर /बूट हे वेगळं, २५० किंवा ५०० एमबीचं विभाजन असतं. दर कर्नल अपडेटला त्यात एक कर्नल आणि एक इनिटरॅमएफएस जमा होतं, जुनी कुणी काढत नाही. २०.०४ चा ५.४ कर्नल आला, त्याची इनिटरॅमएफएस लिहायला जागा उरली नाही, आणि तिथे पहिला बांध फुटला. जागा मोकळी दिसूनही हीच चूक येत असेल तर ‘डीएफ -आय’ द्या. लाखो बारीक फाइलींमुळे आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असू शकतात.

जुने कर्नल काढताना हात जपून चालवा. ‘यूनेम -आर’ने आत्ता चालू असलेला कर्नल कागदावर लिहून घ्या. तो आणि सर्वांत नवा, हे दोन सोडून बाकीचे जातील. या अवस्थेत ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ बहुधा चालत नाही, कारण एपीटी (पॅकेज आणून ती बसवणाऱ्या डीपीकेजीकडे देणारं साधन) आधी अपुरी पॅकेज पूर्ण करायला सांगतं आणि ती जागेअभावी पूर्ण होत नाहीत. या पेचातून ‘डीपीकेजी --पर्ज’ बाहेर काढतं. एका जुन्या आवृत्तीची लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा, लिनक्स-इमेज आणि लिनक्स-मॉड्यूल्स ही तिन्ही पॅकेज एकाच कमांडमध्ये द्या, म्हणजे ती एकमेकांत अडकत नाहीत. तेही जागेवर अडलं तर सर्वांत जुन्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल /रूटमध्ये हलवा. तेवढ्याने पन्नास-साठ एमबी सुटतात आणि पुढचं काम हलतं.

लॉकची फाइल पुसू नका

‘कुड नॉट गेट लॉक’ असं आलं की लॉकची फाइल पुसून टाका, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा आहे. /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड ही फाइल कायम तिथेच असते. खरं कुलूप कर्नल धरून ठेवतो, आणि ते ज्या प्रोसेसने लावलं ती संपली की आपोआप सुटतं. म्हणजे कुलूप लागलेलं दिसतंय याचा अर्थ कुणीतरी खरोखर काम करत आहे. ‘एलएसओएफ’ला त्या फाइलचा पत्ता द्या, प्रोसेसचा क्रमांक मिळेल. बहुतेक वेळा ते अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारी सेवा) असतं आणि थोडा वेळ थांबलं की पुरतं. फाइल पुसून दुसरं एपीटी चालू केलंत तर दोन जण एकाच वहीत एकाच वेळी लिहायला लागतात, आणि ती वही म्हणजे तुमच्या पॅकेजचा सगळा हिशेब.

अडकलेली पॅकेज पूर्ण करणं

आता मुख्य काम. ‘डीपीकेजी --ऑडिट’ दिल्यावर कुठलं पॅकेज कुठल्या अवस्थेत आहे ते कळतं. ‘डीपीकेजी -एल’च्या पहिल्या रकान्यात दोन आय असतील तर पॅकेज ठीक आहे. लहान आयच्या पुढे मोठा यू असेल तर फाइल उलगडल्या आहेत पण जुळणी बाकी आहे. मोठा एफ म्हणजे जुळणी करताना फसलं. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. ती अर्धवट राहिलेल्या प्रत्येक पॅकेजची जुळणी पुन्हा करून बघते. कितीही वेळा चालवली तरी नुकसान नाही, म्हणून एक कारण दूर केलं की पुन्हा ती, असं करत जायचं.

/बूट मोकळं केल्यावर आमच्याकडे नऊपैकी सहा पॅकेज या एका कमांडने मार्गी लागली. अडून बसलं ते मायएसक्यूएल-सर्व्हर-८.०. स्क्रीनवर एवढंच येत होतं की इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्ट १ हा क्रमांक देऊन संपली. त्यातून काही कळत नाही. कळलं ते /व्हार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉगमध्ये: ‘अननोन व्हेरिएबल क्वेरी_कॅश_साइझ’. मायएसक्यूएल ८.० मध्ये क्वेरी कॅश काढून टाकला आहे. ५.७ च्या सेटिंग फाइलमध्ये मात्र त्याच्या ओळी होत्या. अपग्रेडमध्ये ‘तुमची बदललेली फाइल ठेवू की नवी घेऊ’ असा प्रश्न आला तेव्हा मी जुनी ठेवली होती. त्यामुळे नवा डेटाबेस जुनी फाइल वाचून सुरू होण्याआधीच बंद पडत होता, स्क्रिप्ट फसत होती आणि त्याच्यावर अवलंबून असलेली दोन पॅकेज त्याच्यामागे थांबली होती.

दुरुस्ती दोन मिनिटांची. /ईटीसी/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल.कॉन्फ.डी या डिरेक्टरीतल्या फाइलमध्ये क्वेरी_कॅशने सुरू होणाऱ्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह टाकलं, डीपीकेजी पुन्हा चालवलं, आणि डेटाबेस उठला. तुमच्याकडे एसक्यूएल_मोडच्या ओळीत ‘नो_ऑटो_क्रिएट_यूझर’ असेल तर तेही काढा, ८.० ते ओळखत नाही. डेटा मोठा असेल तर पहिल्यांदा सुरू होताना वेळ लागतो. त्या वेळी प्रोसेस मारू नका; लॉग दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडून बघत बसा.

सेटिंग फाइलच्या त्या प्रश्नाला सरसकट एकच उत्तर नाही. डी दाबून दोन फाइलमधला फरक वाचा. जुनी ठेवलीत तर नवी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटासह शेजारी राहते; नवी घेतलीत तर तुमची जुनी ‘.डीपीकेजी-ओल्ड’ म्हणून राहते. काहीच हरवत नाही. रात्री दोन वाजता हे माहीत असणं फार उपयोगी पडतं.

सगळी पॅकेज जुळली की एपीटीची सोर्सेस.लिस्ट ही फाइल (पॅकेज कुठून घ्यायची त्याची यादी) जरूर उघडा. फसलेलं अपग्रेड कधीकधी ती यादी जुन्या आवृत्तीवर परत नेऊन ठेवतं. मग अर्धी सिस्टिम फोकलची, म्हणजे २०.०४ ची, आणि यादी बायोनिकची, म्हणजे १८.०४ ची, असा घोळ होतो. ‘एलएसबी_रिलीज -ए’वर विसंबू नका; एक पॅकेज बदललं की ते २०.०४ सांगायला लागतं, मागे शंभर पॅकेज जुनी असली तरी. यादीत सगळीकडे फोकल करा, मग ‘एपीटी अपडेट’, ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ आणि शेवटी ‘एपीटी फुल-अपग्रेड’. शेवटच्या कमांडला हो म्हणण्याआधी ती काय काढून टाकणार आहे ती यादी पूर्ण वाचा. बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजचे साठे) अपग्रेडमध्ये बंद केलेल्या असतात. त्या इतक्यात चालू करू नका.

रीबूट करायच्या आधी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. ‘एलएस -एलएच /बूट’ देऊन ५.४ चा कर्नल आणि त्याची इनिटरॅमएफएस दोन्ही आहेत ना, आणि दुसरीचा आकार काही दहा एमबींचा आहे ना, हे बघा. आकार शून्य असेल किंवा शंका असेल तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’. ‘एलएसइनिटरॅमएफएस’च्या यादीत तुमच्या रेड कार्डाचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर शोधा. ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ने एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) तपासा. ‘एसएसएचडी -टी’ काही न बोलता परत आलं तर एसएसएचची सेटिंग ठीक आहे. ‘नेटप्लॅन जनरेट’नेही गप्प राहायला हवं.

मग ग्रब. बायॉसवर बूट होणाऱ्या मशीनमध्ये ग्रबचे दोन भाग असतात: एक छोटा गाभा डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या जागेत, आणि बाकीची मॉड्यूल्स /बूट/ग्रबमध्ये. दोन्ही एकाच आवृत्तीचे असावे लागतात. दोन डिस्कचं रेड १ (दोन्हींवर तीच माहिती) असेल तर /बूट दोन्हीकडे सारखं उतरतं, पण गाभा प्रत्येक डिस्कवर वेगळा बसवावा लागतो. ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून डिस्कच्या यादीत दोन्हींपुढे खूण करा. विभाजनांपुढे खूण करायची नाही, पूर्ण डिस्कपुढे करायची. मधल्या काळात एखादी डिस्क बदललेली असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण पॅकेज डिस्कला तिच्या ओळख क्रमांकाने लक्षात ठेवतं आणि तो क्रमांक गेलेल्या डिस्कचा असू शकतो.

ग्रब रेस्क्यू

वरचा परिच्छेद मी अनुभवातून लिहिला आहे. त्या सर्व्हरची एक डिस्क दोन वर्षांपूर्वी बदलली होती. अपग्रेडमध्ये ग्रबने डिस्क विचारल्या तेव्हा मी यादीतल्या पहिलीवरच खूण केली, आणि बायॉस बूट करत होता दुसरीवरून. रविवारी सकाळी रीबूट केलं आणि काळ्या स्क्रीनवर ‘सिंबॉल नॉट फाउंड’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ हा प्रॉम्प्ट आला. जुना गाभा, नवी मॉड्यूल्स. जुलै २०२० मध्ये ग्रबच्या सुरक्षा अपडेटनंतर ‘ग्रब_कॅलॉक’ सापडत नाही म्हणून कितीतरी मशीन उठेनात, त्याच्यामागेही हीच गोष्ट होती.

अशा वेळी आधी बायॉसच्या बूट मेन्यूत जाऊन दुसरी डिस्क निवडून बघा. निम्म्या वेळा मशीन सरळ उठतं, आणि मग चालू सिस्टिममधूनच दोन्ही डिस्कवर ग्रब बसवता येतो. तसं होत नसेल तर पेनड्राइव्ह.

२०.०४ सर्व्हरच्या इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावून बूट करा. मशीन जुन्या पद्धतीने, म्हणजे बायॉसने बूट होत असेल तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने बूट व्हायला हवा. इन्स्टॉलरच्या मदत मेन्यूत शेल उघडायची सोय आहे. शेलमध्ये ‘एमडीएडीएम --असेम्बल --स्कॅन’ने रेड जोडा, एलव्हीएम (विभाजनं लवचीक ठेवणारी पद्धत) असेल तर ‘व्हीजीचेंज -एवाय’. ‘एलएसबीएलके’मध्ये मूळ विभाजन ओळखा आणि /एमएनटीवर माउंट करा. /बूट वेगळं असेल तर ते /एमएनटी/बूटवर. हे विसरलं की पुढचं सगळं चुकीच्या जागी लिहिलं जातं. मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन ही चार ‘माउंट --बाइंड’ने आत जोडा आणि ‘सीएचरूट /एमएनटी’.

आता तुम्ही तुमच्याच सिस्टिममध्ये आहात. ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’, तसंच ‘एसडीबी’, मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि ‘अपडेट-ग्रब’. वरची डीपीकेजीची दुरुस्ती राहिली असेल तर तीही इथे जशीच्या तशी करता येते. ‘एक्झिट’, ‘यूमाउंट -आर’ (यातला आर मात्र मोठ्या लिपीतला), आणि रीबूट. आमचा सर्व्हर यानंतर पहिल्या फटक्यात उठला.

कर्नल सुरू होतो, पण डिस्क सापडत नाही

ग्रब पुढे सरकला आणि ‘अलर्ट’ म्हणून मूळ डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) सापडत नाही असा संदेश देऊन मशीन इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर थांबलं, तर आधी जुन्या कर्नलने उठवा. बायॉसच्या मशीनवर सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवली की ग्रबचा मेन्यू येतो. त्यातल्या प्रगत पर्यायांत ४.१५ निवडा. नव्या सिस्टिमवर तो जुना कर्नल काही दिवस नीट चालतो. म्हणूनच तो आधी काढला नाही.

कारण बहुधा रेड कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये असतं. एचपीच्या जुन्या स्मार्ट अॅरे कार्डांचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. त्यांचा सीसीआयएसएस हा ड्रायव्हर लिनक्स ४.१४ मध्ये काढला गेला आणि ती कार्डं एचपीएसएकडे गेली. त्याबरोबर डिस्कचं नावही /डेव्ह/सीसीआयएसएस/सी०डी०चं /डेव्ह/एसडीए झालं. १६.०४ वरून १८.०४ वर जाताना एफएसटॅबमध्ये जुनी नावं असलेली मशीन याच जागी पडली. उपाय एकच: एफएसटॅबमध्ये डिस्कच्या नावाऐवजी ‘बीएलकेआयडी’ने मिळालेला यूयूआयडी.

रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात हा प्रश्न जास्त कडक आहे. त्यांच्या आरएचईएल या प्रणालीच्या ८ व्या आवृत्तीत कितीतरी जुन्या रेड कार्डांचा आधार काढून टाकला. आरएचईएल ९ ला प्रोसेसर एक्स८६-६४ च्या दुसऱ्या पातळीचा लागतो, दहाला तिसऱ्या. तिकडे अपग्रेडच्या आधी कार्डाचा पीसीआय क्रमांक ‘एलएसपीसीआय -एनएन’ने काढून तपासणं भागच आहे. काढून टाकलेले बरेच ड्रायव्हर ईएलरेपो ही बाहेरची रिपॉझिटरी पुरवते.

मशीन ‘इमर्जन्सी मोड’मध्ये गेलं तर एफएसटॅबमधली एखादी डिस्क गायब आहे, सिस्टिमडी (सगळ्या सेवा सुरू करणारं साधन) ९० सेकंद वाट पाहून हात वर करतं. बॅकअपची यूएसबी डिस्क काढून ठेवल्यावर हे हमखास होतं. अशा ओळीत ‘नोफेल’ घाला. उबुंटूवर रूटला पासवर्ड दिलेला नसला तरी या मोडमध्ये एंटर दाबून आत शिरता येतं. ते जमलं नाही तर पेनड्राइव्ह आणि सीएचरूट.

सिस्टिम उठली, नेटवर्क नाही

‘आयपी ए’ द्या. कार्डाचं नाव बदललेलं असेल तर /ईटीसी/नेटप्लॅनमधल्या फाइलमध्ये नावाऐवजी मॅक पत्त्यावरून जुळवणी करा. नंतर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. त्यात १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग परत येते, त्यामुळे दूरवरून काम करताना स्वतःला बाहेर कोंडून घेण्याची भीती नाही.

सेवा एकेक करून

‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ने पडलेल्या सेवांची यादी मिळते. अपाचे (वेब सर्व्हर) पडला असेल तर बहुतेक पीएचपी ७.२ चं मॉड्यूल शोधत असतो, जे आता नाही: ‘ए२डिसमॉड पीएचपी७.२’, ‘ए२एनमॉड पीएचपी७.४’. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ बघा. जुन्या क्लस्टरमधला डेटा आपोआप नव्यात जात नाही.

फीचं सॉफ्टवेअर रविवारी दुपारीच चालू झालं. सोमवारी सकाळी मॅडमचा पुन्हा फोन: “सर, फी घेणं चालू आहे, पण झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेले दाखले फोल्डरमध्ये येईनात.” नेटवर्कवर फोल्डर देणाऱ्या सांबा या प्रोग्रामची ४.११ किंवा पुढची आवृत्ती २०.०४ मध्ये असते, आणि ४.११ पासून एसएमबी १ हा जुना प्रोटोकॉल मुळातच बंद आहे. जुनी झेरॉक्स मशीनं तेवढंच बोलतात. सांबाच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ खाली आणलं की लगेच चालतं, पण मग तो असुरक्षित प्रोटोकॉल सगळ्या नेटवर्कसाठी उघडतो, आणि त्याच नेटवर्कवर मुलांची कॉम्प्युटर लॅब आहे. त्या मशीनला एफटीपी येत होतं. फक्त स्कॅनसाठी एक वापरकर्ता केला, त्याला त्याच एका फोल्डरपुरतं बांधलं, आणि फायरवॉलमध्ये त्या झेरॉक्स मशीनच्या आयपीलाच परवानगी दिली. अर्धा तास जास्त गेला, पण लॅबमधल्या मुलांच्या मशीनपुढे दार उघडं ठेवावं लागलं नाही.

नव्याने इन्स्टॉल कधी करायचं

डीपीकेजीचा हिशेबच फाटला असेल, डिस्कला खराब सेक्टर असतील, किंवा तीन-चार तासांत पहिल्या चुकीचं कारण सापडलं नसेल, तर डेटा उचला आणि स्वच्छ सुरुवात करा. डिस्कबद्दल ‘स्मार्टसीटीएल -ए’ खरं सांगतं. ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा आकडा वाढता असेल तर त्या डिस्कवर दुरुस्तीचा एकही तास घालवू नका. आणि मशीन इतकं जुनं असेल की पुढे नेण्यात अर्थ नाही, तर उबुंटू प्रो या वाढीव सेवेत १८.०४ ला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. वैयक्तिक वापरासाठी ती ५ मशीनपर्यंत मोफत आहेत.

२२.०४ कडे जाताना

२०.०४ ची नेहमीची अपडेटही मे २०२५ मध्ये संपली, त्यामुळे पुढचा टप्पा चुकत नाही. २२.०४ मध्ये ओपनएसएसएच ८.९ येतं आणि ते जुन्या एसएचए-१ सहीची आरएसए लॉगिन नाकारतं. जुन्या विंडोज मशीनवरची पुटी या लॉगिन प्रोग्रामची प्रत आधी बदला, नाहीतर किल्ली बरोबर असूनही दार उघडणार नाही. टीएलएस १.० आणि १.१ (सुरक्षित जोडणीच्या जुन्या पद्धती) बोलणारी उपकरणं तर २०.०४ पासूनच तुटतात. पीएचपी ८.१ मध्ये जुना कोड बऱ्याच ठिकाणी पडतो. ‘ईच’ हे फंक्शन ८.० पासून नाहीच, आणि दहा वर्षांपूर्वीच्या फीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पानोपानी असतं. म्हणून आधी डिस्कची प्रत दुसऱ्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन म्हणून उठवा आणि अपग्रेड तिथे करून बघा. तिथे जे अडेल तेच खऱ्या सर्व्हरवर अडेल. खऱ्या दिवशी यूपीएसची बॅटरी निदान अर्धा तास टिकते का, हे सर्व्हर सोडून दुसरं काही लावून तपासा.

त्या कार्यालयातल्या कपाटाच्या दाराला आता आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन्ही डिस्कचे सिरीयल क्रमांक, कुठली वरच्या खणात आणि कुठली खालच्या, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, /बूट कुठल्या विभाजनावर आहे ते, आणि २०.०४ चा पेनड्राइव्ह कुठल्या खणात ठेवला आहे ते लिहिलं आहे. डिस्क बदलली की मॅडम जुना क्रमांक खोडून नवा लिहितात आणि पुढे तारीख घालतात. शेवटच्या रकान्यात ‘ग्रब बसवला’ असं लिहून सही करायची, ही त्यांचीच सूचना.